आई-बाबांना टॅबलेट द्यायचा की मोठा फोन? आणि दिल्यावर बोलणं वाढावं म्हणून काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: आई ७१ वर्षांची, बाबा ७६, दोघंच साताऱ्यात. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात. घरात एकच जुना फोन, तोही बाबांच्या खिशात. आता टॅबलेट घेऊन द्यावा की मोठ्या स्क्रीनचा फोन? आणि दिल्यावर बोलणं खरंच वाढेल, की दोघं आपापल्या स्क्रीनमध्ये अडकून बसतील?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्यावर ठरतं. नुसता टॅबलेट आणून ठेवला म्हणून बोलणं वाढत नाही. घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला मनात आलं की कुणाला हाक न मारता स्वतः फोन लावता आला, तर ते वाढतं. बहुतेक घरांत मुलं फोन लावतात आणि आई-बाबा उचलतात. म्हणजे कधी बोलायचं आणि किती वेळ, हे मुलांच्या सवडीवर. फोन लावणं त्यांच्या हातात द्यायचं, एवढं डोक्यात ठेवून खरेदी आणि सेटिंग केलं तर पुढचे बरेच प्रश्न पडतच नाहीत.

एकच वस्तू घ्यायची ऐपत किंवा तयारी असेल तर टॅबलेट नको. आईला तिचा स्वतःचा फोन घ्या, तिच्या नावाच्या सिमकार्डासह. घरात एकच फोन असतो तेव्हा आईचं बोलणं बाबांच्या मार्फत होतं: "हो, बरी आहे, इथेच आहे, देऊ का तिला?" बहिणीशी, माहेरच्यांशी, जुन्या शेजारणीशी तिला जे बोलायचं असतं ते नवऱ्याच्या खिशातल्या फोनवरून बोलणं होत नाही. दोन वस्तू शक्य असतील तर दुसरी टॅबलेट घ्या, १० ते ११ इंची, आणि तो स्वयंपाकघराच्या किंवा जेवणाच्या टेबलावर स्टँडवर कायमचा राहू द्या. असा टॅबलेट अर्धा किलोच्या आसपास भरतो. संधिवाताच्या हातांनी तो पाच मिनिटंसुद्धा धरवत नाही, त्यामुळे स्टँड नसेल तर टॅबलेट घेऊच नका.

टॅबलेट सिमशिवायचा, फक्त वायफायचा घेतला तरी चालतो. उलट तोच बरा. यूपीआयची अॅप्स नोंदणीच्या वेळी त्याच उपकरणातल्या सिमवरून एसएमएस पाठवून खातं जोडतात. सिम नाही म्हणजे टॅबलेटवर पैशांचा व्यवहार नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी हाताळायच्या वस्तूवर तो नसलेलाच चांगला. व्हॉट्सअॅप मात्र चालतं: आईच्या फोनवरून 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन टॅबलेट जोडायचा. आयपॅडसाठीचं स्वतंत्र व्हॉट्सअॅप २०२५च्या मे महिन्यात आलं, त्यामुळे तीही अडचण आता नाही. एक खोच आहे: मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. आई फोन बंद करून कपाटात ठेवणारी असेल, तर दोन आठवड्यांनी "टॅबलेट बिघडला" असा निरोप येणार हे धरून चाला.

हातात देण्याआधी

खोक्यातून काढून तसाच दिलेला फोन पंचविशीतल्या बोटांसाठी बनवलेला असतो. तासभर बसून पुढचं करा.

अक्षरांचा आकार आणि 'डिस्प्ले साइझ' या दोन वेगळ्या सेटिंग्ज आहेत. पहिलीने फक्त मजकूर वाढतो, दुसरीने बटणं आणि चित्रंही. दोन्ही एकदम टोकाला नेल्या तर कॉल उचलायचं बटणच स्क्रीनबाहेर जाऊ शकतं, म्हणून दोन्ही टोकाच्या एक पायरी अलीकडे ठेवा आणि एकदा खरा कॉल लावून बघा. स्क्रीन आपोआप बंद व्हायची वेळ ३० सेकंदांवरून ५ किंवा १० मिनिटांवर न्या. वाचता वाचता स्क्रीन काळी होणं हे म्हाताऱ्या माणसांनी फोन बाजूला ठेवण्याचं फार मोठं कारण आहे, आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. स्क्रीनच्या कडेवरून बोट सरकवण्याच्या खुणांऐवजी खालची जुनी तीन बटणं चालू करा. स्क्रीन फिरणं बंद करा.

बोट थरथरत असेल तर 'अॅक्सेसिबिलिटी'मध्ये 'टच अँड होल्ड डिले' आहे, तो मध्यम किंवा लांब करा. नाहीतर प्रत्येक स्पर्श फोनला 'दाबून धरलं' असा वाटतो, मेन्यू उघडतात, आयकॉन उडतात, आणि आई म्हणते, "मी काहीच केलं नाही." तिने खरंच काही केलेलं नसतं. सॅमसंगमध्ये लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करायचीही सोय आहे. होम स्क्रीनची मांडणी 'लॉक' करता येते तीही करा. वयानुसार त्वचा कोरडी होते आणि स्क्रीनला बोट कळत नाही. जाड काचेचा गार्ड लावला की ते आणखी वाढतं. गार्ड पातळ लावा, फोनमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' असेल तर चालू करा. भांडी, धुणी, शेती यात झिजलेल्या बोटांचे ठसे फोन ओळखत नाही, तेव्हा एकच अंगठा दोनदा नोंदवा आणि सोबत चार-सहा आकडी पिन ठेवा.

होम स्क्रीनच्या पहिल्या पानावर अॅप्स नकोत, माणसं हवीत. मुलगा, मुलगी, धाकटी बहीण, शेजारचे, डॉक्टर. व्हॉट्सअॅपमध्ये एखाद्याचं चॅट उघडून 'अॅड शॉर्टकट' केलं की त्याचा फोटो स्क्रीनवर येतो. फोटोवर बोट ठेवायचं, कॅमेऱ्याचं चित्र दाबायचं, कॉल लागला. नाव वाचायची गरज नाही, शोधायची नाही. हे एक काम बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचं आहे.

मराठी टाइप करायला शिकवण्याचा अट्टहास नको. गूगलच्या जीबोर्डवर मराठी कीबोर्ड जोडून माइक दाबला की बोललेलं देवनागरीत उमटतं. ही सोय २०१७पासून आहे. पण त्याहून सोपा निरोप म्हणजे व्हॉइस मेसेज. माइक दाबून धरणं थरथरत्या बोटाला अवघड जातं, म्हणून दाबून वर सरकवायचं आणि कुलूप लागलं की बोट उचलायचं, एवढंच शिकवा. वेगळ्या खोलीत बसून स्वतः पाच-सहा निरोप पाठवून सराव करून घ्या. तुमच्या हातात फोन घेऊन "हे बघ असं" करून दाखवलेलं त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नाही. फोन पूर्ण वेळ त्यांच्याच हातात हवा.

"फोन वाजलाच नाही"

परदेशातल्या मुलांची ही ठरलेली तक्रार, आणि यावरून रुसवे होतात. आई-बाबा मुद्दाम उचलत नाहीत असं जवळजवळ कधीच नसतं. बऱ्याच चिनी बनावटीच्या अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अॅप्स झोपवली जातात. स्क्रीन बंद झाल्यावर काही वेळाने व्हॉट्सअॅपही झोपतं आणि कॉल 'मिस्ड' म्हणून नंतर दिसतो. अॅपच्या माहितीत जाऊन व्हॉट्सअॅपसाठी बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, 'ऑटोस्टार्ट' चालू करा. दुसरं कारण, वरून पडदा ओढताना चुकून लागलेलं 'डू नॉट डिस्टर्ब', म्हणजे फोनला गप्प करणारी सेटिंग. त्याच्या अपवादांत 'स्टार' केलेले संपर्क टाकून ठेवा, म्हणजे ते लागलं तरी मुलांचा साधा फोन वाजतो. तिसरं, रिंगटोन. वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि फोनच्या बहुतेक धून किणकिणत्या असतात. जुन्या टेलिफोनच्या घंटीसारखा खालच्या पट्टीतला आवाज लावा.

चौथं कारण घराच्या भिंती. जुन्या दगडी किंवा जाड विटांच्या घरात राउटर बाहेरच्या खोलीत आणि टॅबलेट स्वयंपाकघरात असेल, तर टॅबलेट ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडा. वेग कमी, पण भिंतीतून जास्त पोहोचतो. वीज जाते तेव्हा राउटर बंद पडतो. त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. अॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट (बहुधा १२) आणि अँपिअर बघून तेवढाच घ्या. स्टँडवरचा टॅबलेट चोवीस तास चार्जरला राहणार असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग चालू करा, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत बॅटरी फुगू शकते.

कॉल चांगला व्हायचा असेल तर

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंदाची फट असते. ही लय आपण कधी मोजत नाही, पण बिघडली की लगेच जाणवते. साताऱ्याहून न्यू जर्सीला आवाज जाऊन उत्तर परत यायला पाव सेकंद किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, "तू बोल", "नाही तू बोल". त्यात स्पीकरवर असताना प्रतिध्वनी टाळण्यासाठी फोन एका बाजूचा आवाज दाबतो. आईचं अर्धं वाक्य तुम्हाला पोहोचतच नाही, आणि तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ ती "याचं लक्ष नाही" असा लावते.

यावर तोडगा साधा आहे. वाक्य संपलं की प्रश्न विचारा किंवा हाक मारा: "…मग काय झालं, आई?" बोलायची पाळी कुणाची हे त्यातून कळतं. मग मनात 'एक-दोन' म्हणा. नेटवर्क अडखळत असेल तर चित्र बंद करून नुसत्या आवाजावर या. हॅलो-हॅलोत दहा मिनिटं घालवण्यापेक्षा ते बरं. मात्र ऐकू कमी येत असेल तर उलट करा, चित्र ठेवा. स, श, फ, ख ही अक्षरं उंच पट्टीतली, तीच आधी निसटतात, आणि ओठ दिसले की ती भरून काढता येतात. त्यासाठी तुमच्या तोंडावर उजेड हवा. पाठीमागे खिडकी असेल तर आईला काळी आकृती दिसते. ओरडून बोलू नका, सावकाश बोला. त्यांच्या बाजूला कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा. मांडीवर ठेवलेल्या टॅबलेटमधून छताचा पंखा आणि नाकपुड्या दिसतात. फोन कव्हरने किंवा तळहाताने खालचा स्पीकर झाकलेला नाही ना, हे बघा. "आवाजच येत नाही" या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. श्रवणयंत्र असेल तर फोन कानाला लावल्यावर शिट्टी वाजते. यंत्र ब्लूटूथने फोनशी जोडता येत असेल तर तसं जोडा, नसेल तर स्पीकर.

वेळेचं बोलू. न्यू जर्सी आपल्या मागे साडेनऊ तास, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. तिथल्या सकाळी ७ वाजता साताऱ्यात उन्हाळ्यात दुपारचे साडेचार असतात, हिवाळ्यात संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरात घड्याळ बदललं आणि सांगायचं राहिलं, तर आई-बाबा साडेचारला चहा घेऊन टॅबलेटसमोर बसून राहतात. काही बोलत नाहीत, पण तासभर वाट बघतात. टॅबलेटच्या स्क्रीनवर न्यू जर्सीचं दुसरं घड्याळ लावा आणि ती तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका.

रविवारचा एक तासाचा कॉल हा प्रकार मला फारसा पटत नाही. आठवड्याचा अहवाल दिल्यासारखा होतो: तब्येत, औषधं, हवा, कोण वारलं. त्यापेक्षा रोज सात-आठ मिनिटं बरी, आणि त्यातही बोलायला विषय हवाच असं नाही. आई भाजी निवडतेय, तुम्ही डबा भरताय, स्क्रीन समोर उभी आहे. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही तरी चालतं. एकत्र राहणारी माणसं असंच बोलतात. टॅबलेट स्वयंपाकघरात ठेवायला सांगण्याचं हेच कारण. पुण्यातल्या मुलीनेही "मी जवळच आहे" म्हणून हे सोडू नये. जवळच्यांचे फोन कामापुरते उरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

वेळ जुळत नाही त्या दिवशी व्हॉइस मेसेज. चाळीस फोटो पाठवण्यापेक्षा एक फोटो आणि त्याखाली वीस सेकंदांचा आवाज पाठवा. आई तो तीनदा ऐकते, शेजारणीला ऐकवते.

नातवंडांचं वेगळं. दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते, पण व्हिडिओ कॉलला अपवाद करते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेही दोन वर्षांखाली नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलपुरती सूट दिली आहे. कारण समोरचं माणूस मुलाच्या हावभावांना त्याच क्षणी उत्तर देतं, कार्टून देत नाही. तरीही "आजीला हाय म्हण, हाय म्हण" असा तगादा लावला की मूल पळतं. पाच मिनिटं पुरतात. आजीने टाळ्यांचं बडबडगीत म्हणावं, इकडे बाळाच्या टाळ्या आई किंवा बाबाने धराव्यात. आजोबांनी रोज तीच एक वस्तू दाखवावी, अंगणातलं मांजर असो की जास्वंदीचं झाड. मुलांना तोचतोपणा आवडतो.

गट, निळ्या खुणा आणि सुप्रभात

सकाळच्या गुलाबांच्या चित्रांची थट्टा करू नका. ही चित्रं भारतातले फोन इतके भरून टाकत होती की त्यांची सफाई हे गूगलच्या फाइल्स अॅपचं इथलं एक मोठं काम ठरलं, हे खरं आहे. पण ज्याला काही लिहिता येत नाही किंवा सुचत नाही, त्याचा "मी आहे, बरा आहे" हा निरोप त्या गुलाबात असतो. उत्तर द्या, दोन शब्द पुरेत. जागेचा प्रश्न सेटिंगने सोडवा: 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये मीडिया आपोआप उतरवणं बंद, आणि गटांमधल्या गोष्टी फोनच्या गॅलरीत साठवणं बंद.

'लास्ट सीन' आणि निळ्या खुणा मात्र नात्यांत खडे टाकतात. "ऑनलाइन दिसत होतास, मला उत्तर नाही." ऑफिसच्या मीटिंगमध्ये एका डोळ्याने मेसेज बघितला जातो हे त्यांना कळणं अवघड आहे. तुम्ही 'प्रायव्हसी'त जाऊन 'रीड रिसीट्स' बंद करू शकता, मग तुम्हालाही इतरांच्या दिसत नाहीत. गटांत मात्र त्या दिसतच राहतात. आई-बाबांच्या निळ्या खुणांवरून त्यांची खुशाली ताडण्याची सवय काही मुलांना असते. एकटं राहणाऱ्या माणसासाठी हा आधार फसवा आहे. सकाळी आठपर्यंत एक मेसेज, नाही आला तर शेजारच्यांना फोन, असं तोंडी ठरवून घ्या आणि शेजारच्यांचा नंबर तुमच्याकडे असू द्या.

फॉरवर्डबद्दल एक गंभीर गोष्ट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. तशा अफवा त्या वर्षी देशभर व्हॉट्सअॅपवरून फिरत होत्या, आणि त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. हे बाबांना सांगा, आणि मेसेजवरचे दोन बाण दाखवा: ते दिसले की मजकूर अनेक हातांतून आला आहे. त्यांनी चुकीचं काही पुढे पाठवलं तर कुटुंबाच्या गटात, सगळ्यांसमोर, खोडू नका. जावयासमोर आणि पुतण्यासमोर चूक निघालेला माणूस ती मान्य करत नाही, गट सोडतो. वेगळा फोन करा आणि "बाबा, हे मला तपासल्यावर असं सापडलं" असं सांगा. गटात दुरुस्ती त्यांनाच टाकू द्या.

पैसे

यूपीआय द्यायचं की नाही यावर भांडू नका, द्या, पण पेन्शनच्या खात्याला जोडू नका. वेगळं बचत खातं काढा, त्यात पाच-दहा हजार ठेवा, यूपीआय फक्त त्याला जोडा. भाजी-रिक्षासाठी 'यूपीआय लाइट' पुरतं. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात, एक व्यवहार १,००० रुपयांपर्यंत, आणि दर वेळी पिन लागत नाही. खातं मुलीचं ठेवून आईला खर्च करू द्यायचा असेल तर 'यूपीआय सर्कल' आहे. आईने केलेला व्यवहार मुलगी मंजूर करते, किंवा महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतची पूर्ण मुभा देते. आईचा मान राखायचा असेल तर मुभाच द्या. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला कोथिंबिरीसाठी मुलीची परवानगी लागू नये.

पिनबद्दल एकच वाक्य पाठ करून घ्या: पैसे मिळवायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. बाकीच्या फसवणुकीत सारखी दिसणारी खूण म्हणजे घाई आणि गुपित. लग्नाची पत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून आलेली फाइल '.एपीके'ने संपत असेल तर ती पत्रिका नाही, अॅप आहे. ते बसवलं की एसएमएस वाचले जातात. अनोळखी स्रोतांतून अॅप बसवण्याची परवानगी व्हॉट्सअॅप आणि ब्राउझर दोघांचीही काढून ठेवा. व्हॉट्सअॅपमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याची सेटिंग चालू करा, गटात जोडण्याचा अधिकार फक्त संपर्कांतल्यांना ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी (सहा आकडी पिन) लावा. "आई, हा माझा नवा नंबर" असा मेसेज आला तर विचारायचा एक घरगुती प्रश्न ठरवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर सापडणार नाही.

'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पण हा प्रकार का चालतो, ते समजून घ्या. खाकी कपड्यातला माणूस म्हाताऱ्या माणसाला तासन् तास कॉलवर बसवून ठेवतो आणि "मुलांना सांगितलंत तर त्यांनाही अडकवू" म्हणतो. ज्या घरात दिवसभरात दुसरा कुणाचा फोन येत नाही, तिथे हे दोन-दोन दिवस टिकतं. रोजच्या ठरलेल्या कॉलला आई आली नाही आणि तुम्ही शेजारच्यांना पाठवलंत, तर ते तिथेच तुटतं. पैसे गेलेच तर आधी १९३० हा सायबर फसवणूक कळवायचा क्रमांक, मग बँक. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त. रागावणं नंतर, किंवा कधीच नाही. ओरडा बसेल या भीतीने लपवून ठेवलेली फसवणूक दुसऱ्यांदा होते.

दुरून मदत करताना अनोळखी रिमोट अॅप बसवायला सांगू नका. चोरही तेच सांगतात. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन दाखवायची सोय आहे, ती वापरा, आणि नियम घाला: स्क्रीन दाखवायची ती फक्त आपण स्वतः लावलेल्या कॉलमध्ये, मुलाला किंवा मुलीला.

सगळी कामं मात्र फोनवर आणू नका. महावितरणचं बिल घरबसल्या भरता येतं, पेन्शनरांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'वर चेहरा दाखवून देता येतो, आणि गुडघे धरलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. पण बाबा चालते-फिरते असतील तर बँकेतला दाखला आणि बिलाची रांग त्यांच्याकडेच राहू द्या. त्या रांगेत त्यांना जुने सहकारी भेटतात. त्यांची महिन्यातली बाहेरची चार कामं आपण सोय म्हणून काढून घेतो आणि मग "बाबा हल्ली नुसते रील्स बघत बसतात" म्हणतो.

आणि प्रत्यक्ष घरी आलात की? सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. तिथे हे जमलं ते एकाच वेळी सगळ्यांसाठी असल्यामुळे. घरातही तसंच. बाबांना "फोन ठेवा" म्हणायचं आणि स्वतः ऑफिसचा मेल बघायचा, याने काही होत नाही. जेवणाच्या वेळी सगळे फोन एका टोपलीत, तुमचा सगळ्यात आधी. टीव्हीसुद्धा बंद, आईच्या मालिकेची वेळ सोडून. तिच्याशी भांडून उपयोग नाही.

दर भेटीत अर्धा तास फोनला द्या. गूगल खात्याचा पासवर्ड आणि व्हॉट्सअॅपचा सहा आकडी पिन कपाटातल्या वहीत लिहिलेला आहे ना, ते बघा. यूपीआयचा पिन त्या वहीत नको. खातं परत मिळवण्यासाठी तुमचा किंवा बहिणीचा नंबर जोडा. न वापरलेल्या अॅप्सच्या परवानग्या अँड्रॉइड काढून घेतो, कॅमेरा आणि माइक अजून चालू आहेत का तपासा. आणि आईच्या सिमचा रिचार्ज तुमच्याकडे घ्या, शक्यतो वर्षाचा. घरात वायफाय आहे म्हणून सिमला कुणी विचारत नाही. प्रीपेड नंबर सलग तीन महिने वापरात नसला की बंद पडून पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि आईचं व्हॉट्सअॅप, बँकेचे ओटीपी, आधार हे सगळं त्याच नंबराला बांधलेलं असतं.